टॉवेलचं नाव फिरू दे, लेकीचं नको

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी ३१ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागात राहते. सासरी यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टेरी टॉवेल आणि नॅपकिन करतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये व्यापाऱ्यांनी माल उचलायचा थांबवला, गठ्ठे घरात रचून ठेवायची वेळ आली. तेव्हा मी माझ्याच फेसबुक खात्यातून पेज काढलं, त्याला इन्स्टाग्राम जोडलं. चांगला टॉवेल कसा ओळखायचा, कसा धुवायचा, असे व्हिडिओ टाकत गेले. लेकीला अंघोळीनंतर टोपीच्या टॉवेलात गुंडाळलेला एक व्हिडिओ तर खूपच चालला. आज पुण्या-बेंगळुरूपर्यंत पार्सलं जातात. लोक मला ‘टॉवेलवाली ताई’ म्हणून ओळखतात.

आता पुण्याच्या एका मार्केटिंग एजन्सीने वर्षाचा करार देऊ केलाय. पैसे खरंच चांगले आहेत. त्यांना माझ्या खात्याचा पासवर्ड हवाय, आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर हवेत, वेबसाइटवर ‘फेसबुकने लॉगिन करा’ असं बटण टाकायचंय, आणि माझं नाव, चेहरा, घरच्यांचे व्हिडिओ ‘जगभर आणि कायमस्वरूपी’ वापरायचा हक्क हवाय. शिवाय एका फॅब्रिक सॉफ्टनरचे व्हिडिओ मी करायचे.

याच दिवसांत एका अनोळखी माणसाचा मेसेज आला. त्यात माझ्या पहिलीतल्या मुलीच्या शाळेचं नाव होतं, आणि तिची रिक्षा किती वाजता येते तेही. ‘तुमचे व्हिडिओ आवडतात’ एवढंच पुढे लिहिलेलं. माझे हातपाय गार पडले. नवरा म्हणतो, ब्लॉक कर, धंद्यात एवढं चालायचंच. सासूबाई म्हणतात, बंद कर हे सगळं.

मी काय करू? चेहरा हाच माझा ब्रँड असेल, तर माझं खासगी असं काय उरलं?

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

करारावर नंतर बोलू. आधी तो मेसेज.

ब्लॉक करायच्या आधी त्या मेसेजचे स्क्रीनशॉट घे. पाठवणाऱ्याच्या खात्याचं नाव, प्रोफाइलची लिंक, तारीख आणि वेळ, सगळं त्यात दिसलं पाहिजे. ते काढून नवऱ्याच्या फोनवरही ठेव. मग सोलापूर शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, किंवा घरबसल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाक. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. त्या माणसाने धमकी दिली नाही, म्हणून तक्रार करता येणार नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या शाळेचं नाव आणि रिक्षाची वेळ परक्या माणसाने आईला कळवणं, एवढं कारण पुरेसं आहे. आणि त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला आणि रिक्षावाल्या काकांना भेट. लेकीला कोण न्यायला येऊ शकतं त्यांची नावं लिहून दे, त्याबाहेर कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही हे सांग. नवऱ्याला सोबत घेऊन जा, म्हणजे ‘चालायचंच’ हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा येणार नाही.

त्या माणसाला हे कळलं कसं, याचं उत्तर बहुधा तुझ्याच व्हिडिओंत आहे. आपलं शहर गणवेश शिवणारं. कापडाची चौकट आणि खिशावरचा बिल्ला पाहून शाळा सांगणारी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतील. सकाळी पार्सलं भरतानाचा व्हिडिओ असेल, मागे दारात रिक्षा उभी असेल, तिचा नंबर दिसत असेल, आणि व्हिडिओ टाकल्याची वेळ तर खाली छापलेलीच असते. एकेका व्हिडिओत काही विशेष नसतं, पण कुणी सगळे ओळीने बसून पाहिले तर तुमच्या घराचं वेळापत्रक तयार होतं.

म्हणून आज रात्री बसून लेक दिसते ते सगळे व्हिडिओ आणि फोटो पेजवरून काढ. इन्स्टाग्रामवर ‘अर्काइव्ह’ केलं की पोस्ट लोकांना दिसत नाही, पण लाइक आणि कमेंटसकट तुझ्यापाशी राहते, त्यामुळे काही गमावलं असं वाटणार नाही. अंघोळीनंतरचा तो व्हिडिओ मात्र अर्काइव्हही करू नकोस, कायमचा पुसून टाक. तो सगळ्यात जास्त चाललाय हे मला माहीत आहे, आणि मी हे तरीही सांगतेय. तो कोण कोण पाहतंय, कशासाठी पाहतंय, हे तुला कधीच कळणार नाही. टोपीचा टॉवेल दाखवायला बाहुली चालते, रिकामा टॉवेलही चालतो.

आता करार. जसा आहे तसाच असेल, तर सही करू नकोस. पण एजन्सीच नको असं मी म्हणणार नाही, आणि सासूबाईंसारखं ‘बंद कर’ तर मुळीच नाही. पडून राहिलेला माल तू स्वतःच्या हिमतीवर गिऱ्हाइकांच्या दारापर्यंत नेलास. त्या कष्टाचा मोबदला वाढत असेल तर तो घ्यावाच. फक्त एजन्सीने एकाच कागदावर चार वेगळ्या वस्तूंना हात घातलाय. तुझं पेज, तुझा चेहरा, तुझ्या घरची माणसं आणि तुझी गिऱ्हाइकं. यातल्या पहिल्या दोन तुझ्या आहेत, त्यांचा सौदा तू करू शकतेस. तिसरीबाबत लेकीच्या वतीने तूच नाही म्हणायचंय. चौथी तुझी नाहीच.

गिऱ्हाइकांच्या नंबरांबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रात त्याविषयी तू एकच ओळ लिहिलीयस.

त्या बायकांनी तुला नंबर का दिला? कुरिअरवाल्याला घर सापडावं, पार्सल पोचलं की कळावं, रंग आवडला नाही तर बदलून मिळावा म्हणून. एजन्सी म्हणेल की नंबर थेट वापरत नाही, त्याचं सांकेतिक अक्षरांत रूपांतर होतं आणि मगच तो फेसबुककडे जातो. हे खरं आहे. पण फेसबुककडे त्याच्या सगळ्या सभासदांच्या नंबरांची तशीच रूपांतरं असतात, आणि दोन्ही याद्या जुळवून ‘ही बाई टॉवेलवाल्या ताईची गिऱ्हाईक’ हे ठरवणं, हाच तर त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. पुढे त्या यादीवरून ‘अशाच आणखी बायका शोधून द्या’ असंही सांगता येतं. शिवाय रूपांतर होण्याआधी ती यादी साध्या एक्सेल फाइलमध्ये एजन्सीच्या संगणकावर पडलेली असते. करार वर्षाचा आहे. वर्षानंतर तीच एजन्सी दुसऱ्या टॉवेलवाल्याचं काम घेईल, तेव्हा फाइल कुठे असेल? चाटी गल्लीतला कुठलाही जुना व्यापारी तुला सांगेल की उधारीची वही सख्ख्या भावालाही दाखवायची नसते. तुझी यादी ही तशी वही आहे.

आणि आपल्याकडे मोबाइल नंबर म्हणजे नुसता नंबर राहिलेला नाही. परदेशात लोक ई-मेलने किंवा फेसबुक-गूगलच्या खात्याने आपली ओळख या संकेतस्थळावरून त्या संकेतस्थळावर नेतात. आपल्याकडे ते काम मोबाइल नंबर करतो. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली, आणि तेव्हापासून माणसं घर बदलतात, गाव बदलतात, फोन बदलतात, नंबर तोच ठेवतात. त्याच नंबरावर बँक, आधारचा ओटीपी, व्हॉट्सअॅप, यूपीआय, शाळेचा ग्रुप, गॅसचं बुकिंग. त्यामुळे कुणाचा नंबर दुसऱ्याच्या हवाली केलास, की त्या बाईच्या आयुष्याचे विखुरलेले तुकडे ज्या एका दोऱ्यात ओवता येतात तो दोराच दिलास.

तुझ्या गिऱ्हाइकांत टोपीचे बेबी टॉवेल मागवणाऱ्या बायका असतील. त्यातल्या एखादीला तिसरा महिना असेल आणि तिने अजून माहेरीसुद्धा सांगितलं नसेल. आपल्या घरांत एक फोन तिघं-चौघं हाताळतात. त्या यादीच्या जोरावर तिच्या फोनवर डायपरच्या, बाळाच्या पावडरच्या जाहिराती सुरू झाल्या, तर ती बातमी तिच्याआधी जाहिरात सांगणार. आणि दुर्दैवाने ते बाळ राहिलं नाही, तर जाहिरातींना ते कळणार नाही, त्या येतच राहतील. तू असं कुणाचं वाईट चिंतणारी नाहीस, हे पत्रावरून दिसतंय. म्हणूनच हे इतकं खोलात सांगतेय.

एकाच्या ‘हो’ने दुसऱ्याची माहिती जाते, हे आपण मोठ्या प्रमाणावर पाहिलेलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघड झालं, फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका अॅपमधून तिच्याकडे गेली होती. फेसबुकच्याच सांगण्यानुसार ते व्यक्तिमत्त्वचाचणीचं अॅप भारतात केवळ ३३५ जणांनी घेतलं होतं, पण त्यांच्या मित्रयादीमुळे इथल्या सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. त्या लाखोंनी कशालाच हो म्हटलेलं नव्हतं.

आपल्याकडे आता कायदाही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, दुसऱ्या कामासाठी पुन्हा स्पष्ट संमती घ्यायची, हा त्याचा गाभा. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियम आल्यापासून दीड वर्षाची मुदत आहे, आणि ‘तोवर करून घेऊ’ असं एजन्सीने सुचवलं तर तिथेच समजून जा. मुलांची माहिती आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिराती यांबाबत हा कायदा अधिक कडक आहे, आणि त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती.

मग यादीचा उपयोगच करायचा नाही का? करायचा, पण तू करायचास. पुढच्या प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घाल: ‘नवीन माल आल्यावर व्हॉट्सअॅपवर कळवू का? हवं असेल तर या नंबरवर “हो” लिहून पाठवा. नको म्हणाल त्या दिवशी नाव काढू.’ ज्या ‘हो’ म्हणतील त्यांची वेगळी यादी कर. ती जुन्या यादीपेक्षा बरीच लहान असेल, पण त्या बायका तुझा मेसेज उघडतील. एजन्सीने मजकूर लिहून द्यावा, चित्र करून द्यावं, पाठवायचं मात्र तुझ्या फोनवरून.

‘फेसबुकने लॉगिन करा’ या बटणाविषयी तुला जरा मागची गोष्ट सांगते. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने बीकन नावाची सोय काढली. खरेदीविक्रीची आणि इतर चाळीसेक संकेतस्थळं तिला जोडलेली होती. तिथे काही घेतलं की त्याची बातमी आपोआप फेसबुकवरच्या मित्रमंडळींना जायची. अमेरिकेत एका नवऱ्याने बायकोला नाताळात द्यायला गुपचूप अंगठी घेतली, आणि ती हातात पडायच्या आधीच बायकोसकट सगळ्या ओळखीपाळखीला कळलं की त्याने काय घेतलं. केवढा गहजब झाला. महिन्याभरात फेसबुकचे प्रमुख झुकरबर्ग यांना माफी मागावी लागली, २००९ मध्ये बीकन बंद झालं आणि त्यावरचा खटला ९५ लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. याच काळात, २००८ मध्ये, फेसबुक कनेक्ट आलं. आजचं लॉगिनचं बटण ही त्याचीच पुढची पिढी. आता खरेदीची बातमी भिंतीवर लागत नाही, लोकांना दिसत नाही. पण ते बटण वापरून कोण कुठल्या दुकानात आलं, हे बटण देणाऱ्या कंपनीला कळतंच, आणि दुकानदाराला नाव, फोटो, ई-मेल मिळतो.

त्या बटणात गिऱ्हाइकाची सोय आहे, हे मी नाकारत नाही. नवीन पासवर्ड लागत नाही, आणि बटण दाबल्याने दुकानाला तुमचा फेसबुकचा पासवर्डही कळत नाही. मोठ्या, रोज वापरायच्या सेवेला ते ठीक. पण टॉवेल घ्यायला लॉगिन कशाला लागतं? नाव, पत्ता, नंबर, पैसे, झालं. ‘पाहुणे म्हणून खरेदी करा’ एवढी सोय तुझ्या वेबसाइटवर पुरे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंच आहे की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. ऑनलाइन विकताना नंबर लागतो हे खरं, पण जे लागत नाही ते मागायचं नाही, ही रीत तिथेही पाळता येते.

एजन्सीला विचार की बटणासोबत वेबसाइटवर आणखी काय बसवणार. बहुतेक ‘पिक्सेल’ असं उत्तर येईल. हा डोळ्याला न दिसणारा कोडचा तुकडा. कुणी कुठलं पान पाहिलं, पिशवीत काय टाकलं, काय न घेता परत गेलं, हे तो जाहिरात कंपनीला कळवतो. लॉगिन केलं नाही तरी कळवतो. मला विचारशील तर बेबी टॉवेलच्या पानांवर तो मुळीच नको. बाकीच्या पानांवर हवाच असेल तर आधी पाहणाऱ्याला विचारून.

आता तुझी स्वतःची लॉगिनं. तू लिहिलंस की पेज तुझ्या खासगी खात्यातून काढलंय. याचा अर्थ उद्या ते खातं कुणी हॅक केलं किंवा कंपनीने चुकून बंद केलं, तर पेजही गेलं, आणि त्या खात्याने जिथे जिथे शिरतेस ती दारंही बंद. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्याच एका त्रुटीमुळे सुमारे ३ कोटी लोकांच्या लॉगिनची टोकनं चोरीला गेली होती, म्हणजे पासवर्ड न कळताही चोराला आत जाता येत होतं. म्हणून पेजवर नवऱ्यालाही पूर्ण अधिकार दे, एकाचं खातं अडकलं तरी दुसरा आत जाऊ शकेल. दोघांच्याही खात्यांवर दुहेरी सुरक्षा लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड लागेल, आणि ती एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅपने (फोनवरच तो कोड तयार करणाऱ्या) लाव. सुरक्षेसाठी दिलेले फोन नंबर फेसबुकने जाहिरातींसाठीही वापरले, हा अमेरिकी सरकारच्या आयोगाने २०१९ मध्ये केलेल्या आरोपांपैकी एक होता. त्या सगळ्या प्रकरणात कंपनीला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये ‘अॅप्स आणि वेबसाइट्स’ असा भाग आहे, गूगलच्या खात्यातही अशीच यादी सापडते. ती उघड. कधीतरी फोटो गुळगुळीत करायला घेतलेलं अॅप, एकदाच खेळलेला खेळ, बंद पडलेलं कुरिअर, सगळं तिथे जिवंत दिसेल. न वापरलेलं काढून टाक. बिलिंगचं आणि कुरिअरचं अॅप धंद्याच्या वेगळ्या ई-मेलवर घे. लेकीच्या अभ्यासाचं अॅप फेसबुकला जोडलेलं असेल तर ते आधी तोड.

धंद्यासाठी दुसरं सिम घे, हे मात्र टाळू नकोस. त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाक. आज पार्सलवर जो क्यूआर चिकटवतेस त्यातला यूपीआय आयडी तुझ्या घरच्या नंबराचाच असेल, तर पैसे देणाऱ्या प्रत्येकाकडे तो नंबर जातोय. बँकेच्या अॅपमध्ये नंबर नसलेला आयडी तयार करता येतो, दुकानाच्या नावाचा कर. आणि नव्या सिमचा रिचार्ज चुकवू नकोस. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, मग तुझ्या गिऱ्हाइकांचे मेसेज त्याच्याकडे जातील.

सॉफ्टनरचं मी एका दमात सांगते, कारण त्यात विचार करण्यासारखं फार नाही. टेरी टॉवेलला सॉफ्टनर लावला की सुताच्या फासांवर थर बसतो आणि टॉवेल पाणी कमी शोषतो. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या टॉवेल विणला जातो. ज्या तोंडाने ‘टॉवेल कसा धुवायचा’ हे शिकवलंस त्याच तोंडाने सॉफ्टनर विकू नकोस. आणि दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मालाची जाहिरात केलीस, तर व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं ठळक लिही. पैसे घेऊन केलेली शिफारस लपवायची नाही, आणि जे आपण पारखलं नाही त्याची शिफारस करायची नाही, असे केंद्राचे २०२२ चे नियम आहेत. दिशाभूल केली तर १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

तू विचारलंस, चेहरा हाच ब्रँड असेल तर खासगी काय उरलं. चेहऱ्यामुळे लोक थांबले असतील, पण विकत घेतलं ते तू जे सांगितलंस त्यामुळे. जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) म्हणजे काय, वजनदार टॉवेल नेहमीच चांगला का नसतो, हे दुसरं कोण समजावून सांगत होतं? ते ज्ञान हातांनी दाखवता येतं, मागाजवळ उभं राहून आवाजाने सांगता येतं. चेहरा हवा तेव्हा आण, नको तेव्हा बाजूला ठेव. ते तुझ्या हातात राहिलं पाहिजे, म्हणूनच ‘जगभर आणि कायमस्वरूपी’ हे शब्द मला सहन होत नाहीत. फेसबुकने २०११ मध्ये सभासदांची नावं आणि फोटो त्यांना न विचारता त्यांच्याच मित्रांना दाखवायच्या जाहिरातींत वापरायला सुरुवात केली होती. त्यावरून खटला झाला, २ कोटी डॉलर द्यावे लागले आणि २०१४ मध्ये तो प्रकार बंद झाला. तिथे निदान न विचारता घेतलं होतं, म्हणून लोकांना कोर्टात जाता आलं. तू सही करून दिलंस तर तक्रारीला जागा उरत नाही.

याबाबत आपल्याच शहरात एक चांगला धडा आहे. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव इथल्या मातीचं आणि इथल्या विणकरांचं, म्हणून कायदा सांगतो की त्याचा हक्क कुणाला विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, गहाणही टाकता येणार नाही. सगळ्यांनी मिळून वापरायचं. व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, याच्या उलट असतो. तो मालकीचा, विकता येतो, ठरावीक काळ वापरायला देता येतो. तुझं आणि लेकीचं नाव पहिल्या खणात ठेव. धंद्याला वेगळं नाव दे आणि ते नोंदवून घे. टॉवेल, चादरी २४ व्या वर्गात येतात, एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये शुल्क आहे. टेरी टॉवेलच्या मानांकनाची अधिकृत वापरकर्ती म्हणूनही नाव नोंदव. मग एजन्सीला वापरायला दे ते हे दुकानाचं नाव. उद्या करार मोडला तरी ती तुझं नाव घेऊन गेलेली नसेल, आणि उद्या तुला धंदा जावेला सोपवायचा झाला तर तोही सोपवता येईल.

आता एजन्सीला काय लिहायचं ते ठरवू. पासवर्ड मिळणार नाही. मेटा बिझनेसमधून, म्हणजे फेसबुकच्याच धंद्यासाठीच्या सोयीतून, त्यांना भागीदार म्हणून मर्यादित प्रवेश देशील, जो तुला एका क्लिकवर काढून घेता येतो. पेज, वेबसाइटचं नाव आणि आजवरचा सगळा मजकूर तुझ्या मालकीचा. तुझा चेहरा असलेले व्हिडिओ फक्त टॉवेलसाठी, कराराच्या मुदतीपुरते, आणि प्रत्येक व्हिडिओ बाहेर जायच्या आधी तू पाहणार. मुलगी कुठेही नाही, आवाजसुद्धा नाही. गिऱ्हाइकांचे नंबर नाहीत. सॉफ्टनर नाही. करार संपल्यावर त्यांच्याकडचं तुझं सगळं साहित्य पुसल्याचं लेखी देतील.

हे वाचून ते पैसे कमी करतील. थोडे कमी केले तर हरकत नाही, बसून बोल. पण नंबरांच्या अटीवर अडून बसले, तर त्यांना तुझी कला हवी नसून यादी हवी होती हे उघड होईल, आणि तेव्हा नवऱ्याने कितीही समजावलं तरी मागे हटू नकोस. सही करण्याआधी करार एखाद्या वकिलाला दाखव. निदान तुमच्या सीएला तरी वाचायला दे.

सासूबाईंना लेकीचे व्हिडिओ काढल्याचं स्वतः सांग. त्यांची भीती खरी होती, आणि त्यांचं म्हणणं तू ऐकलंस हे त्यांना कळायला हवं. मग त्यांनाच विचार की मागाजवळ बसून हाताने टॉवेल कसा पारखायचा हे कॅमेऱ्यासमोर दाखवतील का. नको म्हणाल्या तर पुन्हा विचारू नकोस.

पोलिसांकडे उद्याच जा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की मला कळव.

तुझी,
ताई